इंजिनाचा टेंपरेचर सेन्सर बदलण्याआधी: तपासणीचा क्रम आणि बदलण्याची रीत

चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला की कोड येतो पी ०११८. ‘कूलंटचा सेन्सर गेलाय’ म्हणून नवा बसतो, कोड पुसला जातो, गाडी घरी येते. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. मग दुसऱ्या कंपनीचा सेन्सर बसतो, मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बदलतो, आणि शेवटी ‘ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) खोलावा लागेल’ इथपर्यंत गोष्ट जाते.

यात चुकतो तो क्रम. कोड येतो तो सर्किटबद्दल. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कपलर (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग) आहे, दोन वायरी आहेत, अर्थिंग आहे, आणि ज्याचं तापमान मोजायचं ते कूलंटही आहे. यात दुकानात सहज मिळतो तो सेन्सर, म्हणून आधी तोच बदलला जातो. खरं तर पहिला प्रश्न हा विचारायला हवा: सेन्सर खोटं सांगतोय, की तो खरं सांगतोय आणि आपण त्याला खोटं ठरवतोय? खालचे टप्पे याच प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी आहेत. ते याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळला तर पुढच्या टप्प्याच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

आधी एवढं समजून घ्या

कूलंटचा सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी पितळी किंवा प्लॅस्टिकची वस्तू. बहुतेक इंजिनांत ती थर्मोस्टॅट हाऊसिंगवर किंवा सिलिंडर हेडच्या टोकाला बसवलेली असते. आत थर्मिस्टरचा मणी असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो, तापमान उतरलं की वाढतो. ईसीएम आपल्या आतल्या एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरपाशी किती व्होल्ट उरले ते वाचतो. इंजिन थंड असेल तर व्होल्ट जास्त, गरम असेल तर कमी.

यातून दोन टोकं निघतात आणि ती पाठ असायला हवीत. सर्किट तुटलं, कपलर निघाला, वायर कुरतडली गेली, तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीएमला वाटतं की इंजिन उणे ४० अंशांवर आहे. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य व्होल्ट दिसतात आणि त्याला वाटतं की इंजिन १३०-१४० अंशांवर उकळतंय. मे महिन्यात अकोल्यात स्कॅनरवर उणे ४० दिसलं, तर ते तापमान नव्हे, तुटलेलं सर्किट आहे.

इथेच कोड वाचण्याची पहिली चूक होते. पी ०११७ म्हणजे ‘लो इनपुट’. अनेकजण त्याचा अर्थ ‘तापमान कमी दाखवतोय’ असा घेतात. तिथे ‘लो’ आहे तो व्होल्ट. व्होल्ट कमी म्हणजे तापमान जास्त, म्हणजे शॉर्ट शोधायचा. पी ०११८ ‘हाय इनपुट’ म्हणजे व्होल्ट जास्त, म्हणजे तुटलेली वायर किंवा सैल पिन शोधायची. पी ०११९ म्हणजे संपर्क अधूनमधून तुटतोय. हा कोड आला की सेन्सरपेक्षा कपलरवर संशय आधी घ्या. पी ०११६ म्हणजे सर्किट शाबूत आहे, पण आकडा पटण्यासारखा नाही. आणि पी ०१२८ हा तर मुळात सेन्सरचा कोड नाही. इंजिन वेळेत गरम होत नाही असं तो सांगतो आणि त्याचं नेहमीचं कारण उघडा अडकलेला थर्मोस्टॅट असतं. पी ०१२८ वर सेन्सर बदलून पैसे वाया गेलेले मी फार पाहिले आहेत.

दुसरा घोळ सेन्सरच्या संख्येचा. अनेक जुन्या गाड्यांत दोन वेगळे सेन्सर असतात: एका वायरीचा, जो फक्त डॅशबोर्डवरचा काटा हलवतो, आणि दोन वायरींचा, जो ईसीएमला माहिती देतो. काटा बिघडला म्हणून दोन वायरींचा सेन्सर बदलला तर काहीच फरक पडणार नाही. नव्या गाड्यांत बहुधा एकच सेन्सर दोन्ही कामं करतो. काही गाड्यांत तीन वायरींचा असतो.

टप्पा १: तयारी

लागणाऱ्या वस्तू: डिजिटल मल्टिमीटर, ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप, इलेक्ट्रिक काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, साधा थर्मामीटर, उजेडासाठी बॅटरी (टॉर्च), पसरट ट्रे, जुने कपडे, डोळ्यांना चष्मा. सेन्सर बदलायचा झाल्यास बहुतेकदा १९ चा पाना लागतो, आणि जागा अडचणीची असेल तर खोल गोटी (सॉकेट).

मुख्य तयारी वेळेची आहे. हे काम सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करायचं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर केलेली तपासणी अर्धीच होते, कारण तिसऱ्या टप्प्याला पूर्ण थंड इंजिन लागतं.

सावधान: गरम इंजिनाचं रेडिएटरचं किंवा कूलंट टाकीचं झाकण उघडू नका. आत दाब असतो आणि त्या दाबाखाली कूलंट १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते क्षणात उकळतं आणि तोंडावर, हातांवर उसळतं. फडकं धरून हळूच फिरवलं तरी भाजतं. दुसरं म्हणजे, रेडिएटरचा फॅन काही गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो. बाही, ओढणी, हात तिथून लांब ठेवा.

टप्पा २: कूलंटची पातळी आणि लक्षणं

सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच त्याच्या आकड्याला अर्थ असतो. म्हणून थंड इंजिनाचं झाकण उघडून पातळी पाहा. टाकीत ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मधे हवी. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून आत काठोकाठ आहे का ते पाहा. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं होतं, आणि बाहेरून ते कळत नाही.

पातळी कमी असेल तर इथेच थांबा. गळती कुठे आहे ते आधी शोधा: होस पाइप, वॉटर पंप, रेडिएटरच्या कडा, झाकणाचं रबर. कूलंट कमी असताना सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा राहतो. मग इंजिन उकळत असतानाही काटा मधेच राहतो, किंवा चढलेला काटा एकदम खाली येतो. घाट चढताना वर गेलेला काटा अचानक उतरला, तर गाडी थंड झाली असं समजून पुढे जाऊ नका. कूलंट संपल्याची ती खूण असू शकते. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. अशा वेळी पुढे हाकलेल्या गाडीचं हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालची सीलबंद पट्टी) जातं, हेड वाकतं.

काट्याबद्दल आणखी एक. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम संथ ठेवलेला असतो. साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत तो मधेच उभा राहतो, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. म्हणून ‘काटा तर बरोबर आहे’ हा पुरावा धरू नका. अनेक लहान गाड्यांना तर काटाच नसतो, थंड इंजिनाचा निळा दिवा आणि धोक्याचा लाल दिवा एवढंच असतं. खरा आकडा स्कॅनरवर पाहायचा.

लक्षणं ताडून पाहा. सकाळी सुरू व्हायला त्रास, काळा धूर, पेट्रोलचा वास, घसरलेलं मायलेज: सेन्सर इंजिनाला खऱ्यापेक्षा थंड सांगत असावा, म्हणून ईसीएम जास्त इंधन सोडतोय. थंड इंजिन पकडत नाही, पण गरम झाल्यावर उत्तम चालतं: तो खऱ्यापेक्षा गरम सांगत असावा. चावी फिरवताच फॅन पूर्ण वेगाने सुरू: सर्किट तुटलंय असं कळल्यावर इंजिन वाचवण्यासाठी ईसीएम बहुधा फॅन सतत चालवतो.

कूलंट टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइल दुधाळ झालेलं, यातलं काही दिसलं तर सेन्सरचा विचार सोडा. ते हेड गॅस्केट गेल्याचं लक्षण आहे.

टप्पा ३: थंड इंजिनावरची तुलना

सगळ्या तपासण्यांत मला ही सर्वांत जास्त पटते. फुकट होते, काही खोलावं लागत नाही आणि निम्मा निकाल इथेच लागतो.

गाडी रात्रभर, किमान आठ तास, सावलीत उभी हवी. बॉनेटवर ऊन आलेलं नको. स्कॅनर लावा, चावी ‘ऑन’ करा, पण इंजिन सुरू करू नका. दोन आकडे वाचा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. तिसरा आकडा तुमच्या थर्मामीटरचा, गाडीच्या शेजारी सावलीत ठेवलेल्या. हे तिन्ही आकडे एकमेकांपासून तीन ते पाच अंशांच्या आत असायला हवेत, कारण रात्रभरात सगळं एकाच तापमानावर आलेलं असतं.

हवा २४, थर्मामीटर २५, कूलंट २५: थंड अवस्थेत सेन्सर आणि सर्किट दोन्ही बरोबर आहेत. हवा २४, थर्मामीटर २५, कूलंट ४१: कूलंटचा सेन्सर किंवा त्याची वायरिंग चुकतेय. कूलंट आणि थर्मामीटर जुळतात, पण हवेचा आकडा वेगळा: मग कूलंटच्या सेन्सरला हात लावायचं कारणच नाही. दोषी दुसराच आहे.

तपासून पुढे जा: कूलंटचा आकडा उणे ४० किंवा १३० च्या आसपास असेल तर टप्पा ४ सोडून थेट टप्पा ५ ला जा. आकडे जुळले तर टप्पा ४ कराच. थंडपणी बरोबर आणि गरम झाल्यावर चुकीचे, असे सेन्सर असतात.

टप्पा ४: इंजिन गरम होताना आकडा पाहणं

एसी बंद. एसी चालू असला की फॅन तसाही फिरतो आणि तपासणी बिघडते. इंजिन सुरू करा, ॲपमध्ये कूलंट तापमानाचा आलेख लावा आणि पाहत राहा.

आलेख सलग चढायला हवा. ३०, ३१, ३३, ३६ असा. मधेच ५२ वरून उणे ४० आणि परत ५३, अशी उडी दिसली तर वायर किंवा पिन सैल आहे. ८२ ते ८८ च्या दरम्यान बहुतेक थर्मोस्टॅट उघडतात. त्या वेळी आकडा किंचित दबतो, मग स्थिरावतो. उभ्या गाडीत तो पुढे ९५ च्या आसपास गेला की फॅन सुरू होतो, आकडा खाली येतो, फॅन थांबतो. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे थोडे बदलतात. फॅन सुरू होऊन थांबतो हे चक्र मात्र दिसलंच पाहिजे.

आकडा ६५-७० वर रेंगाळतोय आणि मोकळ्या रस्त्यावर आणखी खाली जातोय? सेन्सर खरं सांगतोय, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. आकडा १०० पार जातो आणि फॅन हलत नाही? सेन्सर इथेही खरं सांगतोय. फॅनचा फ्यूज, रिले, मोटर पाहा. आणि इंजिन लगेच बंद करा.

पडताळणीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणारे एक चूक हमखास करतात. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो नेम धरला की आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. थर्मोस्टॅट हाऊसिंगवर थंड असतानाच काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. बाहेरचा आकडा आतल्या कूलंटपेक्षा थोडा कमी येईल, तेवढं चालतं.

टप्पा ५: कपलर आणि वायरी

माझी गाडी इथे अडकली होती, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षं झालेली. पावसाळ्यात सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. एका गॅरेजमध्ये दोन महिन्यांत दोन सेन्सर बदलले. दोन्ही वेळा आठवडाभर ठीक, मग पुन्हा तेच. शेवटी एका रविवारी मी स्वतः कपलर काढला आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. एका पिनेच्या मुळाशी मोरचुदासारखी हिरवट भुकटी साचली होती. दुसरी पिन बरोबरीत नव्हती, जवळजवळ दोन मिलिमीटर आत सरकलेली. कपलर लावला की ती सेन्सरच्या पिनेला जेमतेम टेकत असे. सेन्सर बदलताना प्रत्येक वेळी कपलर निघून परत बसायचा, पिना घासल्या जायच्या, म्हणून आठवडाभर संपर्क चालायचा. क्लीनर मारला, पिन मागून हळूच पुढे आणली, तिचं कुलूप बसल्याचा बारीक ‘टक्’ आवाज आला. पहिला, काढून डिकीत टाकलेला सेन्सर परत बसवला. तो आजही त्याच गाडीत आहे.

तर क्रम असा:

१. चावी बंद. कपलर त्याची कळ दाबून काढा, वायर धरून ओढू नका. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. कळ तुटली की कपलर खड्ड्यागणिक सैल होत जातो.

२. आत पाहा: हिरवी-पांढरी भुकटी, ओल, कूलंटचा चिकटपणा, वाकलेली किंवा मागे सरकलेली पिन. कपलरच्या आत कूलंट दिसलं तर सेन्सर आतून गळतोय, तो बदलायचाच.

३. वायर कपलरपासून मागे जमेल तितकी बोटांनी चाचपत जा. आवरण कडक झालंय का, कुठे घासलंय का, उंदरांनी कुरतडलंय का. उभ्या गाडीत उंदीर उबेसाठी इंजिनावर येतात आणि बारीक वायरी आधी खातात.

४. काँटॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका, कपलरचं रबर फुगतं. सॅंडपेपरने पिना घासू नका, वरचा मुलामा जातो.

५. आता सर्किटची परीक्षा. कपलर निघालेलाच ठेवा, चावी ‘ऑन’ करा, इंजिन बंद. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून कपलरच्या दोन पिनांमध्ये मोजा. ५ व्होल्टच्या जवळ यायला हवेत. आले तर ईसीएमपासून इथपर्यंत दोन्ही वायरी शाबूत आहेत. नाही आले तर मल्टिमीटरची काळी तार गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावून दोन्ही पिना परत मोजा. आता ५ व्होल्ट आले तर अर्थची वायर तुटलीय. तरीही आले नाहीत तर सिग्नलची वायर तुटलीय किंवा बॉडीला चिकटलीय.

६. कपलर उघडा असताना स्कॅनरवर उणे ४० दिसायला हवं. मग छोट्या वायरीने कपलरच्या दोन पिना एकमेकींना जोडा, आकडा १३० च्या आसपास उडी मारेल. दोन्ही टोकं दिसली तर वायरी आणि ईसीएम निर्दोष. काही गाड्या कपलर निघताच उणे ४० ऐवजी स्वतःचा ठरावीक आकडा दाखवू लागतात. तिथे व्होल्टवरच भरवसा ठेवा.

सावधान: पिना जोडण्याची ही युक्ती फक्त दोन वायरींच्या सेन्सरसाठी आहे. तीन वायरी असतील तर त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा हाती आल्याशिवाय करू नका. टेस्टरचं टोक वायरीच्या आवरणातून खुपसून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी वायर आतून कुजते. बारा व्होल्टचा बल्बवाला टेस्टर या वायरींना लावायचाच नाही.

टप्पा ६: सेन्सरचा रोध मोजणं

कपलर निघालेला असतानाच मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये मोजा. कपलर लावलेला ठेवून मोजलेला आकडा निरुपयोगी, कारण ईसीएमचा आतला रोधही त्यात मिसळतो.

बऱ्याच गाड्यांत जो सेन्सर असतो, त्याचे साधारण आकडे:

० अंश: सुमारे ५,९०० ओहम
२० अंश: सुमारे २,५००
४० अंश: सुमारे १,२००
६० अंश: सुमारे ६००
८० अंश: सुमारे ३२०
१०० अंश: सुमारे १९०

काही उत्पादकांच्या सेन्सरचे थंडपणीचे आकडे वेगळे असतात, २० अंशांना ३,५०० ओहमही येतात. म्हणून तुमच्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतला तक्ता मिळाला तर तोच धरा. तो नसला तरी चाल पाहा: २० वरून ८० अंशांवर जाताना रोध सात-आठ ते दहा पटींनी उतरला पाहिजे, आणि तोही सलग.

शंका उरली तर सेन्सर काढून पाण्यात तपासा. स्वयंपाकातलं नको, जुनं भांडं घ्या. सेन्सरचं फक्त पितळी टोक पाण्यात, पिना कोरड्या. तो तारेने लटकवा, भांड्याच्या बुडाला टेकला तर पाण्यापेक्षा जास्त तापतो. शेजारी थर्मामीटर. हळूहळू तापवत दर २० अंशांना आकडा लिहा. पाणी उकळलं म्हणजे १०० अंश, असं मात्र सगळीकडे धरू नका. मुंबईत किंवा रत्नागिरीत ते १०० ला उकळतं, पुण्यात-कोल्हापुरात ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरला जेमतेम ९५-९६ ला.

एका वायरीच्या सेन्सरला एक तार पिनेला आणि दुसरी पितळी अंगाला लावून मोजायचं.

टप्पा ७: बदलणं

वरच्या टप्प्यांत सेन्सरच दोषी ठरला असेल तरच इथे या. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम ॲल्युमिनियममध्ये पितळी सेन्सर फिरवला की आटे जातात, आणि हेडचे आटे गेले की खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

१. स्कॅनरवरचा कोड आणि त्यासोबतची माहिती यांचा फोटो काढून ठेवा, कारण बॅटरी काढल्यावर ते पुसलं जाऊ शकतं. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

२. झाकण एकदा उघडून दाब सोडा आणि परत घट्ट लावा. झाकण बंद असलं की कूलंट कमी सांडतं.

३. खाली ट्रे ठेवा. सांडलेलं कूलंट तसंच सोडू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. रस्त्यावरची कुत्री, मांजरं ते चाटतात आणि मरतात. पुसून घ्या आणि जागा पाण्याने धुवा.

४. नवा सेन्सर जुन्याशेजारी धरून ताडा: आटे, लांबी, पिना, कपलरचा आकार. दुकानदार ‘चालेल’ म्हणाला तरी २० अंशांचा रोध मोजून जुळतो का पाहा.

५. जुना सैल करा, नवा दुसऱ्या हातात तयार ठेवा, काढून लगेच तो लावा. सुरुवातीचे चार-पाच आटे हातानेच फिरले पाहिजेत. अडलं तर काढून पुन्हा लावा, पान्याने जबरदस्ती नको.

६. तांब्याचं वॉशर किंवा ओ-रिंग नवीच. क्लिपने बसणारा प्लॅस्टिकचा सेन्सर असेल तर ओ-रिंगला थोडं कूलंट लावा आणि क्लिप पूर्ण बसली का पाहा.

७. ताकदीने आवळू नका. हे आटे लहान आणि मऊ असतात. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा. नसेल तर वॉशर बसल्यावर थोडंसंच. मग कपलर आणि बॅटरीची तार परत लावा.

सावधान: एका वायरीच्या सेन्सरला टेफ्लॉन टेप लावू नका. त्याचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं. टेपमुळे ते तुटतं आणि नवा सेन्सर पहिल्या दिवसापासून चुकीचं दाखवतो.

टप्पा ८: कूलंट भरणं आणि हवा काढणं

घाई करणाऱ्यांचं सगळं काम इथे वाया जातं. आत अडकलेली हवा सेन्सरपाशी आली की आकडा वेडावाकडा होतो आणि दोष नव्या सेन्सरवर येतो.

गाडीचं तोंड थोडं चढाकडे असेल तर बरं. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर हळू. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा, आणि त्यातून बुडबुड्यांशिवाय कूलंट येईपर्यंत हळूहळू भरा. मग स्क्रू आवळून, झाकण लावून इंजिन सुरू करा आणि फॅन दोनदा सुरू होऊन थांबेपर्यंत चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा येतेय का पाहा. थंडच येत असेल तर हवा अजून आत आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या सकाळी, पातळी पाहून भर घाला.

कूलंट तयार मिश्रणाचं असेल तर पाणी घालू नका. घट्ट असेल तर उत्पादकाच्या प्रमाणात, बहुधा निम्मं-निम्मं, डिस्टिल्ड पाण्यात. बोअरवेलचं पाणी कधीच नको. त्यातले क्षार सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरतात, मग सेन्सर मागे राहून आकडा देतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्याही बुजवतो. आणि रंग पाहून कूलंट मिसळू नका. हिरवं, गुलाबी हे रंग उत्पादक आपापल्या मर्जीने ठरवतात. जुळवायचा तो पुस्तिकेतला प्रकार.

टप्पा ९: शेवटची परीक्षा

कोड आता पुसा, आधी नाही. आधी पुसला तर त्यासोबत साठवलेली, बिघाडाच्या क्षणीची माहितीही जाते. टप्पा ७ मध्ये फोटो काढला नसेल तर पुसण्यापूर्वी काढून ठेवा. मग टप्पा ३ आणि टप्पा ४ पुन्हा करा, अगदी तसेच. गाडी अर्धा तास चालवून आणा, सेन्सरच्या मुळाशी ओल आलीय का पाहा. दुसऱ्या सकाळी कोड परत आलाय का ते बघा.

हे दोन ‘उपाय’ स्वीकारू नका

पहिला: थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘आपल्याकडे गरमी आहे, लागत नाही’ असं सांगितलं जातं. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेतं, ईसीएम त्याला थंड समजून जास्त इंधन सोडत राहतो, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचं धूर स्वच्छ करणारं यंत्र) खराब करतं. पी ०१२८ कायमचा मुक्कामाला येतो.

दुसरा: फॅन डायरेक्ट करणं. चावीवर किंवा वेगळ्या बटणावर. बटण दाबायचं राहिलं की इंजिन गेलं, आणि सतत चालणारी मोटर लवकर झिजते. रात्री गावाच्या वाटेवर अडकलात तर घरी पोहोचण्यापुरतं करा. सकाळी काढून टाका.

इतर तापमान सेन्सर, थोडक्यात

आत येणाऱ्या हवेचा सेन्सर बहुधा मॅप (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) किंवा एअर फ्लो सेन्सरच्या आतच असतो. तोही थर्मिस्टरच, त्यामुळे टप्पा ३, ५, ६ त्यालाही लागू. कोड पी ०११२ आणि पी ०११३. एअर फिल्टर बदलताना त्याचा कपलर लावायचा राहतो, आधी तेवढं पाहा.

सीएनजी किट असलेल्या अनेक गाड्यांत रिड्यूसरवर (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागावर) वेगळा सेन्सर असतो. रिड्यूसर ठरावीक तापमानाला आल्याशिवाय गाडी गॅसवर जात नाही. ‘पेट्रोलवरून गॅसवर पडतच नाही’ अशी तक्रार असेल तर तो आणि कूलंटची पातळी आधी बघा.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत एक्झॉस्टचं तापमान मोजणारे सेन्सर असतात. ते शेकडो अंश मोजतात, बहुधा प्लॅटिनमचे किंवा थर्मोकपलचे, आणि त्यांना वरचा ओहमचा तक्ता चालत नाही. डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) शेजारी बसलेला हा सेन्सर घरी खोलू नका, आटे जळून चिकटलेले असतात.

देखभाल

सेन्सरला स्वतःला तेल-पाणी काही लागत नाही. त्याच्या भोवतालचं जपायचं. कूलंट पुस्तिकेतल्या मुदतीत बदला. इंजिन धुताना प्रेशरचा फवारा कपलरांवर मारू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसलेलं पुरतं. पावसाळ्याआधी आणि नंतर कपलर एकदा काढून पाहा. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर मधे बॉनेट उघडून उंदरांच्या लेंड्या, कुरतडलेला फोम दिसतो का ते बघा.

आणि गाडी ठणठणीत असतानाच एका सकाळी टप्पा ३ चे तीन आकडे, गरम झाल्यावरचा स्थिर आकडा, फॅन कितीला सुरू झाला आणि कितीला थांबला, हे सगळं एका कागदावर तारखेसह लिहून सर्व्हिस बुकात ठेवा. पुढे कधी दिवा लागलाच, तर गॅरेजवाल्यासमोर पहिल्यांदा तो कागद उघडा.